आधी टाकी, मग मासा

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

सावद्याला समुद्र नाही. हे सांगायची खरं तर गरज नाही, पण "आमच्या घरी खाऱ्या पाण्यातले मासे आहेत" असं मी हॉस्टेलवर म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग विचारतो, "सावदा म्हणजे ते केळीवालंच ना?" हो, तेच. रावेर तालुका, जिल्हा जळगाव. सगळ्यात जवळचा समुद्र तीनशे किलोमीटरच्या पुढे. आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा माणसांनासुद्धा वाटतं की आपल्याला कुणीतरी टाकीत ठेवावं!

या वेडाला जबाबदार माझे मामा. लहानपणी त्यांनी मला मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं. मरीन ड्राइव्हवरचं १९५१ सालचं हे मत्स्यालय डागडुजी होऊन २०१५ साली पुन्हा उघडलं होतं. पुढे ते बंद झालं, पण माझं काम तोवर झालेलं होतं. काचेला नाक लावून मी इतका वेळ उभा राहिलो की मामांना वाटलं पोरगं हरवलं. नंतर बारावी झाली, सीईटी झाली, आणि २०२३ च्या जूनमध्ये, ॲडमिशनची वाट बघायच्या त्या मोकळ्या दिवसांत, घरच्या हॉलमध्ये तीन फुटी टाकी उभी राहिली. साधारण दीडशे लिटर. आरओचं पाणी, त्यात मुंबईहून आणलेलं समुद्री मिश्रण, लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सगळं लागतं. प्रवाळ ठेवायचा प्रश्नच नव्हता, आपल्याकडे तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. दोन क्लाउनफिश (तेच ते निमोवाले), एक पिवळ्या शेपटीचा डॅमसेल, एक कोळंबी आणि शंख पाठीवर घेऊन फिरणारा एक खेकडा. मी इकडे हॉस्टेलला आल्यावर सगळा कारभार धाकट्या बहिणीकडे. ती तेव्हा पाचवीत. उन्हाने पाणी उडालं तर वरून साधं पाणी घालायचं, खारं नाही, कारण पाणी उडतं आणि मीठ खालीच राहतं, हे ती घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगायची.

आता खरी गोष्ट. २०२३ च्या दिवाळीला घरी जाताना मी मामांकडून वाकडी वाट करून गेलो आणि क्रॉफर्ड मार्केटमधून एक ब्लू टँग घेतला. निळाभोर, शेपटी पिवळी. हा मासा मोठा होतो, त्याला पोहायला लांबलचक जागा लागते. माझ्या टाकीत ठेवायच्या लायकीचा तो नव्हताच. म्हणजे माझी टाकी त्याच्या लायकीची नव्हती. हे मी वाचलेलं होतं. तरी घेतला. पिशवीत ऑक्सिजन भरला, थर्माकोलच्या डब्यात पिशवी, रात्रीच्या गाडीने भुसावळ, तिथून एसटी. घरी पोचल्यावर पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी मिसळलं आणि मासा सोडून दिला. सरळ मोठ्या टाकीत.

आबा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "काबरं रे, नवं जनावर सरय घरात?"

(आमच्या लेवा बोलीत 'ळ' चा 'य' होतो. सरळचं सरय, केळीची केयी. कॉन्व्हेंटमध्ये यावरून माझं पुष्कळ हसं झालंय, म्हणून मी घरीसुद्धा 'सरळ' म्हणायला लागलो होतो.)

मी म्हटलं, "आबा, मासा आहे तो, गाय नाही."

या एका वाक्याबद्दल मला अजून झोप लागत नाही असं म्हटलं तर ते फिल्मी होईल. पण आठवतं एवढं खरं. कारण गाय काय असते ते मी वर्षभरापूर्वीच डोळ्यांनी पाहिलेलं होतं. २०२२ च्या साथीतला महाराष्ट्रातला लम्पीचा पहिला रुग्ण ४ ऑगस्टला सापडला तो आमच्याच रावेर तालुक्यात, चिनावलला. सावद्याहून अगदी जवळ. पुढे राज्यभर गुरांचे बाजार बंद झाले, गोट पॉक्सची लस टोचायला डॉक्टर गोठोगोठी फिरले. आबांनी जुलैतच एक गाय घेतली होती. लम्पीचं नाव तेव्हा गावात कुणी ऐकलं नव्हतं, तरी ती घरच्या गोठ्यात आलीच नाही. मळ्यातल्या निंबाखाली बांधली. तिची बादली वेगळी, दावं वेगळं, आणि तिच्याकडून परत आल्यावर आबा हातपाय धुतल्याशिवाय घरच्या गुरांना हात लावत नसत. तिसऱ्या आठवड्यात तिच्या अंगावर गाठी आल्या. महिन्याभराने ती बरीही झाली. घरच्या दोन्ही गायींना काही झालं नाही. लम्पी माश्या-डासांनी पसरतो, त्यामुळे नुसत्या निंबाच्या झाडाने त्या वाचल्या असं मी म्हणणार नाही; लस वेळेवर मिळाली, दैवही होतं. पण आबांनी संधी दिली नाही एवढं नक्की. मी तेव्हा बारावीत होतो आणि "आबा, किती जुन्या पद्धती!" असं मनातल्या मनात म्हणत होतो. २०२० च्या मार्चमध्ये लोकांच्या डाव्या हातावर होम क्वारंटाईनचे शिक्के मारलेले बघूनसुद्धा मला तो शब्द फक्त माणसांचा वाटायचा. तो शब्द मूळचा इटलीकडचा, चाळीस दिवसांवरून आलेला. बंदरात आलेलं जहाज तेवढे दिवस लांब उभं करायचे. आबांना इटली माहीत नाही.

असो. चौथ्या दिवशी टँगच्या अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. मी घाबरलो. पण दोन-तीन दिवसांत ते आपोआप गेले! मी खूश. बहिणीला म्हटलं, बरा झाला बघ. आणि बॅग भरून हॉस्टेलला आलो.

इथेच सगळे फसतात. या रोगाच्या परजीवीचं नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, शौकिनांच्या भाषेत मरीन इक. तो माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहतो, पोट भरलं की स्वतःच गळून पडतो. आपल्याला वाटतं मासा बरा झाला. तो मात्र वाळूत, दगडावर, काचेवर कवच करून बसलेला असतो आणि आत विभागत राहतो. काही दिवसांनी त्या एकातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि दिवसा-दोन दिवसांत त्यांना मासा गाठावा लागतो. समुद्रात मासा सापडणं कठीण, म्हणून तिथे ह्याचं फारसं चालत नाही. दीडशे लिटरच्या टाकीत मासा जाणार कुठे?

पंचवीस नोव्हेंबरच्या आसपास बहिणीचा फोन आला. माझी जर्नल्स पूर्ण करायची राहिली होती. "दादा, सगळ्यांच्या अंगावर मीठ पडलंय." मी म्हटलं, व्हिडिओ पाठव. पाठवला. मासे तळाशी बसून जोरजोरात कल्ले हलवत होते. मी इथून काय करणार? औषध घालावं तर त्यात तांबं, आणि तांब्याने कोळंबी आणि खेकडा मरणार. मासे वेगळे काढावेत तर कशात? घरात दुसरी टाकी नाही. आईची बादली, बस. त्यात हवेचा पंप नाही, फिल्टर नाही. टँग आधी गेला. मग डॅमसेल. मग एक क्लाउन. २ डिसेंबरला दुसरा. बहिणीने चारही परसातल्या केळीच्या बुडाशी पुरले. फोनवर ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तो निळा तूच आणलास ना?"

मित्रांनो, यानंतर मी टाकी निवडायला बसलो. म्हणजे मासे मेल्यावर. तुम्ही आधी बसा.

पहिली गोष्ट कळली ती ही की क्वारंटाईनची टाकी सुंदर असायची नसते. दुकानातली टाकी वाळू, दगड, शोभेचा खजिना, बुडबुडे सोडणारा शिंपला यांनी भरलेली असते. इथे यातलं काही नको. वाळूत परजीवी लपतो; चुनखडीचे दगड तांबं शोषून घेतात, मग औषध किती राहिलं हेच कळत नाही. तळ उघडा हवा. मासा बुजू नये म्हणून पीव्हीसीच्या पाइपचे नवे तुकडे, एल्बो, टी. जळगाव जिल्ह्यात पीव्हीसीला तोटा नाही!

मग भांडं कोणतं? आबांच्या शेडमधला निळा ड्रम मोठा होता, पण त्यात खतं आणि औषधं कालवलेली. बाद. थर्माकोलचा डबा फुकट मिळतो आणि गारवा-उष्मा सांभाळतो, पण त्यातून मासा फक्त वरून दिसतो. आणि महिनाभर आपलं काम काय, तर बघत राहायचं. कल्ले किती भरभर हलतात, पंख मिटलेत का, अंग पाइपला घासतोय का. बाजूने दिसलंच पाहिजे. पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा खरं तर चालतो, स्वस्तही पडतो, पण काठोकाठ भरला की पोटातून फुगतो. मी शेवटी काचवाल्याकडून २ × १ × १ फुटाची साधी टाकी करून घेतली. पूर्ण भरली तर ५६ लिटर. मी साडेआठ इंचांपर्यंत भरली, म्हणजे ४० लिटर. हिशेबाला सोपं, आणि वरची जागा मोकळी राहिल्याने मासा उडी मारून बाहेर पडत नाही. तरी वर जाळी हवीच. दोन लहान क्लाउनना एवढं पुरे. टँग आणायचा असता तर ही टाकी महिन्यासाठीसुद्धा तोकडी पडली असती. म्हणून आधी मासा कोणता ते ठरवायचं, त्यावरून टाकी करायची, आणि टाकी तयार झाल्यावरच मासा घरी आणायचा. हा क्रम मी उलटा केला होता.

फिल्टर म्हणजे एक स्पंज आणि हवेचा छोटा पंप. पण कोरा स्पंज निरुपयोगी. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजात वसलेले असावे लागतात. आई म्हणाली, "म्हणजे विरजण." अगदी तेच! चार ओळींत मी जे इंग्रजीत वाचलं होतं ते तिने एका शब्दात सांगितलं. हे विरजण मोठ्या टाकीतून घ्यायचं, पण तिथे तर रोग. म्हणून मोठी टाकी माशांशिवाय रिकामी ठेवायची. त्यात कोळंबी आणि खेकडा जगले होते, त्यांना हा रोग होत नाही. मासा मिळाला नाही की परजीवीची पिल्लं उपाशी मरतात. पण काही कवचं उशिरा फुटतात, बहात्तर दिवसांपर्यंत लागल्याची नोंद आहे, म्हणून शौकीन लोक ७६ दिवस धरतात. बहिणीने कालनिर्णयवर रोज एक फुली मारायला सुरुवात केली. मध्ये कालनिर्णय बदललं, तिने जुनंही खिळ्यावर राहू दिलं. ७६ वी फुली १६ फेब्रुवारी २०२४ ला पडली. तोवर स्पंज कोळंबीच्या संगतीत मुरत होता.

आता टाकी ठेवायची कुठे? एकाच घरात ओल्या हाताचा, ओल्या जाळीचा एक थेंब इकडून तिकडे गेला तरी सगळं मुसळ केरात. दुसरी खोली हवी. मी दुसरा जिल्हाच निवडला. रेक्टर सर, आता सांगायला हरकत नसावी: फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये आमच्या खोलीत कपाटामागे जे झाकून ठेवलेलं होतं ती ड्रॉइंग शीट नव्हती.

रूममेट मालवणचा. पहिल्या दिवशी मी बादलीत मीठ ढवळत असताना तो दारात उभा राहून म्हणाला, "अरे, आमच्याकडे समुद्राला मीठ विकत घालत नाहीत." दुसऱ्या दिवशी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, "बरोबर आहे." हायड्रोमीटर १.०२५ दाखवत होता. तेव्हापासून मी दोघांनाही विचारायचो. ५० वॅटचा हीटर, कारण फेब्रुवारीच्या रात्री गार असतात. लाइट गेली तर म्हणून सेलवर चालणारा पंप.

मामांनी क्लाउनफिशची जोडी पाठवली. सहाव्या दिवशी लहान माशाच्या पंखावर तीन दाणे दिसले. फक्त तीन. पण यावेळी टाकीत दुसरं कुणी नव्हतं, लपायला वाळू नव्हती, आणि माझ्याकडे मोरचूद होतं.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. आबांना हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले, कारण बोर्डो मिश्रण त्यांनी आयुष्यभर कालवलंय. शेतात शंभर लिटरला किलोभर पडतं. माशाला लागतं लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबं. ४० लिटरला ८ मिलिग्रॅम. स्फटिक मोरचुदात तांबं साधारण २५.४ टक्के, म्हणजे मोरचूद लागलं साडेएकतीस मिलिग्रॅम. चिमूटसुद्धा नाही! शेतातलं मोरचूद शुद्ध नसतं, म्हणून केमिस्ट्री लॅबच्या काकांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि एक ग्रॅम मोजून दिलं. ते एक लिटर पाण्यात विरघळवलं की एका मिलिलीटरला एक मिलिग्रॅम. साडेएकतीस मिली, निम्मे पहिल्या दिवशी, निम्मे दुसऱ्या दिवशी, सिरिंजने. पहिल्या वर्षाचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल मी एवढ्या मन लावून कधी केलं नव्हतं. खाऱ्या पाण्यात हे तांबं हळूहळू खाली बसतं, त्यामुळे रोज टेस्ट किटने मोजायचं आणि कमी पडलं तेवढंच वाढवायचं. अंदाजाने घातलं तर परजीवीच्या आधी मासा जातो.

तेराव्या दिवशी घोळ झाला. मी मिडसेमच्या पेपरला गेलो होतो. शेजारच्या खोलीतल्या कुणीतरी प्रेमाने अर्धा पुडा ग्लुकोज बिस्किटं टाकीत चुरली. (नाव माहीत आहे, छापत नाही.) रात्री एकला अमोनिया १ पीपीएम! मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. भिजवून तयार ठेवलेलं २० लिटर खारं पाणी होतं. अर्धं पाणी बदललं की अमोनिया निम्मा. परत अर्धं बदललं की पाव. पण नुसतं खारं पाणी ओतलं तर तांबंही निम्मं होणार, म्हणून नव्या २० लिटरमध्ये आधी पावणेसोळा मिली द्रावण. दुसऱ्या खेपेसाठी मेसमधून आरओचं पाणी, ७०० ग्रॅम मीठ, रात्री दोन वाजता. मालवणकर बादली धरून होता. दोघं जिन्यावरून तीन मजले चढलो, अर्धं पाणी पायांवर. पहाटे पाचला दुसऱ्यांदा पाणी बदललं तेव्हा मासे खाली उतरून पाइपात शिरले. पेपर दुसऱ्या दिवशी कसा गेला ते मार्कशीटवर आहे.

तांब्याची मात्रा पुरी झाल्यापासून तीस दिवस मी मोजले. ठिपके परत आले नाहीत. तीसाव्या दिवसानंतरही दोन आठवडे साध्या खाऱ्या पाण्यात ठेवले, नुसतं बघायला. मग थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन एसटीने घरी गेलो. बहीण दारातच उभी होती. डबा हातात घेतला नाही. आधी विचारलं, "किती दिवस ठेवले?" मी म्हटलं, पन्नास तरी. तिने आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "मंग आन आत."

ते दोघे अजून आहेत. बहीण आता सातवीत आहे आणि टाकीला मला हात लावू देत नाही.

क्वारंटाईनची टाकी सध्या माझ्या कॉटखाली उपडी ठेवलेली आहे, धुऊन, वाळवून. काचेवर परमनंट मार्करने 'तांबं घातलेली' असं लिहिलंय, कोळंबी किंवा गोगलगाय ठेवायला ती कुणी नेऊ नये म्हणून. शोभेला म्हणून मागाल तर देणार नाही. नवीन मासा आणणार असाल आणि महिनाभर थांबायची तयारी असेल, तर मासा आणायच्या आधी येऊन घेऊन जा. स्पंज, पंप, पाइपचे तुकडे, सगळं मिळेल. बादली मात्र स्वतःची आणा.